ईच्या जागेवरचं बटण

मी बोलतोय. असं इकडेतिकडे बघू नका, टेबलावरच्या त्या निळ्या कापडी पिशवीत बघा. आत आम्ही सव्वीस जण आहोत. पंचवीस जण लाकडी, चौकोनी आणि जन्मापासून अक्षरंच. सव्विसावा मी. मी गोल आहे, तपकिरी आहे, मला चार भोकं आहेत आणि माझ्या अंगावर पांढऱ्या नेलपॉलिशनं इंग्रजीतलं ई काढलेलं आहे. मी मुळात कोटाचं बटण. इंग्रजीत मी मागच्या दारानं शिरलो, पण आता माझ्यावाचून तिचं पान हलत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण तिथे मिनिटाला शंभर बटणं जन्माला यायची आणि कुणी कुणाचं तोंडही बघायचं नाही. एका पुठ्ठ्यावर आम्ही बारा भाऊ ओळीनं टाचलेले होतो. शर्टाची बटणं शेजारच्या डब्यात खुळखुळत असायची. आम्ही त्यांच्याशी बोलत नसू. कोटाच्या बटणानं शर्टाच्या बटणाशी बोलणं बरं दिसत नाही, असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटत नाही, पण सवय काही गेली नाही.

तो पुठ्ठा मास्तरांनी विकत घेतला. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलर मास्तर. रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान. पुढे काचेचं दार, मधे शिलाई मशीन, भिंतीला लागून कापड कापायचं लांब टेबल, आणि मागे दोन खोल्यांचं घर. मास्तरांना बटणांचा भारी नाद. डब्यात हात घालायचे आणि न बघता सांगायचे, "हे शिंपल्याचं, हे लाकडाचं, आणि याची कड उडालीय." गिऱ्हाईक तोंडात बोट घालून बघत राहायचं. ही गोष्ट तुम्ही नीट लक्षात ठेवा. त्या घरातले लोक नेमकी हीच गोष्ट विसरले आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

मास्तरांचं लग्न झालं ते एका टायपिस्टबाईंशी. सगळी गल्ली त्यांना नुसतं 'बाई' म्हणते, म्हणून मीही तेच म्हणतो. बाई एका मोठ्या कचेरीत दिवसभर इंग्रजी पत्रं टाइप करायच्या. त्यांना इंग्रजी यायचं ते बोटांनी. एखादा शब्द विचारला की आधी त्या टेबलावर बोटं नाचवायच्या आणि मग सांगायच्या. अर्थ विचारला तर म्हणायच्या, "अर्थ साहेबांना माहीत. माझं काम टाइप करायचं."

मास्तरांचं इंग्रजी याहून निराळं. ते त्यांनी सगळंच्या सगळं कपड्यांच्या लेबलांवरून मिळवलेलं. वॉश, कोल्ड, वॉर्म, कॉटन, मीडियम, सेपरेटली. इंग्रजी ही भाषा मुळात कपडे धुण्यासाठी तयार केली आणि मग लोक ती इतर कामांनाही वापरायला लागले, असं त्यांचं अगदी प्रामाणिक मत होतं.

लग्नानंतर मास्तरांनी बाईंना कचेरीत घालायला एक तपकिरी कोट शिवून दिला. मी त्याच्यावर, वरून दुसरा. मानाची जागा होती. समोर टाइपरायटर, आणि मी दिवसभर त्याच्या कळांकडे बघत असे. ईची कळ सगळ्यांत जास्त झिजलेली होती. तिच्यावर रात्रंदिवस नुसते ठोसे. मला तिची कीव यायची. आपल्यावरही हीच वेळ येणार आहे, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं.

मग त्यांना मुलगी झाली. तिला सगळे पिटू म्हणत आणि आता ती दातांची डॉक्टर झाली तरी पिटूच म्हणतात. तिच्यासाठी बाईंनी इंग्रजी अक्षरांचा लाकडी संच आणला, प्रत्येक अक्षराचा एकेक तुकडा. पिटूनं त्याचे दोन उपयोग शोधून काढले. एक म्हणजे चावायचं आणि दुसरा म्हणजे सापडेल त्या खिशात टाकायचं. एके दिवशी तिनं ई एका गिऱ्हाइकाच्या नव्या कोऱ्या कोटाच्या खिशात टाकलं. गिऱ्हाईक कोट घालून गेलं आणि महिन्याभरात दुसऱ्या गावी राहायला गेलं. खिशात हात घातल्यावर त्या गृहस्थाला दर वेळी काय वाटत असेल, याचा विचार मी अजून करतो.

तोपर्यंत मास्तर आणि बाईंना त्या अक्षरांचं वेड लागलेलं होतं. रविवारी दुपारी जेवणं झाली, की दुकानातल्या लांब टेबलावर दोघं समोरासमोर बसायची. सगळी अक्षरं पिशवीत. प्रत्येकानं न बघता चार काढायची. मग ती चारही अक्षरं ज्याच्या पोटात आहेत, असे इंग्रजी शब्द शोधायचे आणि कागदावर लिहायचे. मधे बाकीची अक्षरं कितीही आली तरी चालतील, पण ही चार हवीतच. ज्याचे शब्द जास्त तो जिंकला. वेळ मोजायला घड्याळ नव्हतं. शेजारी घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांचं दुकान, पण त्यांच्याकडची कुठलीही दोन घड्याळं कधी एक वेळ दाखवत नसत. म्हणून इस्त्री तापत ठेवायची आणि तिच्यावर टाकलेला पाण्याचा थेंब चर्र झाला, की पेन्सिली खाली.

ई हरवल्यावर मात्र खेळ पार बसला. इंग्रजीतून ई काढलं की उरतं ते बोळकं. दोन रविवार दोघं नुसती एकमेकांकडे बघत बसली. तिसऱ्या रविवारी बाईंनी अंगातल्या कोटाकडे पाहिलं, मला धरलं आणि टचकन ओढून काढलं.

"अगं, कोटाचं बटण ते," मास्तर म्हणाले.

"कोटाला सेफ्टी पिन लावता येते," बाई म्हणाल्या. "ईला येत नाही."

दुकानात त्या वेळी हजारभर बटणं पडलेली होती. पण त्यासाठी उठून चार पावलं जावं लागलं असतं, आणि बाई एकदा बसल्या की बसल्या. अशा रीतीनं मी अक्षर झालो. माझ्या दोन भोकांत कोटाचा दोरा अडकलेला राहिला, तो आजही आहे. कोटाला पिन लागली, तीही आजही आहे. गंमत बघा, बटण या इंग्रजी शब्दात ई कुठेच येत नाही. म्हणजे जगभरच्या शब्दांत मी लागतो आणि माझ्याच नावात मला जागा नाही. शेजाऱ्यांच्या लग्नात मिरवायचं आणि स्वतःच्या लग्नात उपाशी राहायचं, तशातली गत.

पिशवीतल्या मंडळींनी सुरुवातीला मला वाळीतच टाकलं होतं. लाकडी माणसं, जरा ताठ. पण मी एका डावात बाईंना पाच शब्द मिळवून दिले आणि सगळे सरळ झाले. त्या डावात बाईंना आले होते ई, डी, एन आणि आर. त्यांनी टेबलावर बोटं नाचवली आणि धडाधड लिहिलं: रिमाइंडर, टेंडर, कॅलेंडर, हिअरअंडर, अंडरसाइन्ड. पाचही अस्सल कचेरीतले. मास्तरांकडे होते डब्ल्यू, ए, एस आणि एच. त्यांनी वॉश, वॉशिंग आणि वॉशेबल लिहून इस्त्री चर्र होईपर्यंत छताकडे बघितलं.

पिशवीच्या तळाशी क्यू, झेड, एक्स, जे आणि त्यांची मित्रमंडळी पडलेली असत. हात वरून यायचा, वरचे चार घेऊन जायचा, त्यामुळे यांना कधी उठायची वेळच येत नसे. क्यूला मी एकदा विचारलं, तू शेवटचा बाहेर कधी गेला होतास. तो म्हणाला, बाहेर काय असतं?

त्या घरात भांडण म्हणून होत नसे. मतभेद झाला की बाई म्हणायच्या, "डाव मांडा," आणि जो जिंकेल त्याचं खरं. बरोबरी झाली तर बाईंच्या कचेरीतल्या भाषेत 'जैसे थे', म्हणजे जे चाललंय ते चालू द्यायचं. पण बरोबरी कधी झालीच नाही. दर वेळी बाई जिंकायच्या. दुकानाचे पडदे पिवळे झाले ते असे. मास्तरांना निळे हवे होते. घरात मांजर आली ती अशी, मास्तरांना मासे हवे होते. कपाट दारामागे गेलं आणि दार तेव्हापासून अर्धंच उघडतं, तेही असंच. घड्याळवाले काका हळहळायचे, "मास्तर, तुमचं नशीबच फुटकं." मास्तर मान डोलवायचे आणि म्हणायचे, "आलिया भोगासी असावे सादर."

जिंकायची वेळ त्यांच्यावर फक्त लहानसहान डावांत यायची, ज्यात पैज काही नसे. एकदा त्यांना ओ, एल, वाय आणि टी आले आणि त्यांनी एकच शब्द लिहिला, पॉलिएस्टर. बाई म्हणाल्या, असा शब्द कचेरीत तीस वर्षांत आला नाही. मास्तर म्हणाले, "मी लेबलवर वाचलाय." घरचा नियम होता की लेबल दाखवलं तर शब्द धरायचा. पण त्या घरातले सगळे कपडे मास्तरांनी शिवलेले, त्यांना लेबल कुठलं असायला? मग घड्याळवाल्या काकांना बोलावलं. ते तयार कपडे घालायचे आणि मास्तरांच्या मनात ते सल म्हणून होतंच. काकांना उभं करून आधी स्वेटरची कॉलर उलटी केली, मग शर्टाची. पॉलिएस्टर सापडलं ते पँटच्या कमरपट्ट्याला, आतल्या बाजूनं. काका म्हणाले, "माझा चहा निवतोय." मास्तर त्या दिवशी इतके खूश होते की काकांची पँट त्यांनी फुकट अल्टर करून दिली.

आता मोज्याची गोष्ट सांगतो. पिटू पाच वर्षांची असताना तिनं तक्रार केली, की बटण गोल आहे आणि ते हाताला कळतं, मग ही लबाडी नाही का? पोरीचं म्हणणं बरोबर होतं. बाईंनी लगेच नियम केला. मास्तरांचा जाड लोकरीचा मोजा घ्यायचा, तो हातावर चढवायचा आणि मगच पिशवीत हात घालायचा. दुकानाचा मालक म्हणून मास्तर आधी, नंतर बाई. मोजा घातल्यावर कुणाला काही कळणं शक्य नाही, असं सगळ्यांचं एकमत झालं. रात्रंदिवस बटणं चिवडणाऱ्या माणसाला मोज्यानं आंधळं करायला निघाली होती ही मंडळी. मला आत बसून हसू येत होतं. म्हटलं, आता मास्तर मला बरोब्बर उचलणार आणि घराचे पडदे निळे होणार.

पण झालं भलतंच. मोज्यातला हात आत आला, मला लागला आणि थांबला. अंगठा माझ्या कडेवरून एकदा फिरला, दोऱ्यापाशी रेंगाळला. ओळखलं होतं त्यांनी, यात शंकाच नाही. आणि मग त्यांनी मला चक्क बाजूला सारलं. चार भलती अक्षरं घेतली आणि जाता जाता मला बोटानं ढकलून पिशवीच्या तोंडाशी आणून ठेवलं. पाठोपाठ बाईंचा हात आला. मी वरच होतो, त्यांनी मला घेतलं.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. तीस वर्षं दर रविवारी मास्तर मला ओळखत आणि नको म्हणत. तुम्हीच सांगा, वाईट वाटणार की नाही? ज्यानं मला पुठ्ठ्यावरून सोडवलं, स्वतःच्या हातानं कोटावर टाचलं, त्यालाच मी डोळ्यांसमोर नको होतो. मी क्यूजवळ मन मोकळं केलं. क्यू म्हणाला, तुला निदान कुणी बाजूला तरी सारतं.

मला वाटायचं की मी कोटावरून निघालो याचा मास्तरांना राग असेल. दुसरी काही शक्यता माझ्या डोक्यात आली नाही. चार भोकं असलेल्या डोक्यात असं किती राहणार?

असे दिवस गेले. पिटू शिकली, दुसऱ्या गावी दवाखाना काढून बसली. बाई निवृत्त झाल्या. आणि मास्तरांचे डोळे अधू व्हायला लागले. मास्तर ते कबूल करीनात. सुईत दोरा जाईना, तर म्हणायचे हल्ली सुयाच वाईट येतात. मग त्यांनी शाळेच्या हेडमास्तरांची पँट शिवली आणि तिची चेन मागच्या बाजूला लावली. हेडमास्तरांनी ती बक्षीस समारंभाला घातली. पोरांनी म्हणे त्या वर्षी टाळ्या फार वाजवल्या.

तोपर्यंत सगळे हसत होते. पण एका सकाळी मशीनची सुई मास्तरांच्या बोटातून आरपार गेली. बाईंनी पट्टी बांधली. संध्याकाळी त्यांनी पिटूला फोन केला आणि रविवारी पिटू आली.

"बाबा, आता पुरे," पिटू म्हणाली. "माझ्याकडे खोली तयार आहे. दोघं चला. दुकान बंद करा."

"आणि मी दिवसभर काय करू? तुझ्या पेशंटांचे दात मोजू?"

"आराम करा."

"आराम मला शिवता येत नाही," मास्तर म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

बाई म्हणाल्या, "मला रोज भीती वाटते हो. मशीनचा आवाज थांबला की मी हातातलं टाकून धावत येते." मग थोडं थांबून म्हणाल्या, "डाव मांडा."

पडदे, मांजर, कपाट हे सगळं वेगळं होतं. आज पैजेवर दुकानच होतं. बाई जिंकल्या तर दुकान बंद आणि दोघं लेकीकडे. मास्तर जिंकले तर दुकान चालू. घड्याळवाले काका चहाचा कप घेऊन आले होते, ते दारातच उभे राहिले, कारण अर्ध्या दारातून आत येईपर्यंत काहीतरी चुकेल अशी त्यांना धास्ती. पिटूनं इस्त्री लावली. मास्तरांनी मोज्याकडे हात नेला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आज मी आधी."

"मालक आधी, असा नियम आहे."

"दुकान राहणार की नाही तेच ठरायचंय. तेव्हा मालक कोण ते नंतर बघू."

त्यांनी मोजा चढवला आणि हात आत घातला. तो हात थेट माझ्यावर आला. थांबला. आणि त्या हाताचं बोट, टाइपरायटरवर झिजलेलं, माझ्या कडेवरून हळूच फिरलं, दोऱ्यापाशी रेंगाळलं. माझ्या चारही भोकांतून थंड वारा गेला. म्हणजे बाईंनाही कळत होतं. आजवर त्यांनी मला नशीब म्हणून उचललं नव्हतं, ओळखून उचललं होतं. आता उचला की, मी मनात म्हणालो. बाईंनी उचललं नाही. मला बाजूला सारून त्यांनी हात पार तळाला नेला, हाताला लागले ते चार घेतले आणि जाताना मला ढकलत ढकलत पिशवीच्या तोंडाशी आणून ठेवलं.

मग मास्तरांचा हात आला. मी अगदी वर, समोरच. त्यांचा अंगठा माझ्यावर टेकला आणि तसाच राहिला. बाई माझ्यावरून हात फिरवून गेल्या आणि मला त्यांच्यासाठी ठेवून गेल्या, हे त्यांना तिथेच कळलं असणार. कारण इतका वेळ तो अंगठा माझ्यावर कधी थांबला नव्हता. बाहेरून पिटूनं विचारलं, "बाबा, झोपलात का?" आता मला घेतलं की दुकान त्यांचं होतं. चाळीस वर्षांचं मशीन, टेबल, डबे, सगळं. तीस वर्षं मी ज्याची वाट बघत होतो तो क्षण हाच.

मास्तरांनी मला बाजूला सारलं. आणि तेही थेट तळाला गेले.

तळात जो हलकल्लोळ झाला त्याचं वर्णन करता येणार नाही. तीस वर्षं झोपलेली मंडळी एकदम उजेडात. बाईंकडे आले क्यू, एक्स, के आणि एफ. मास्तरांकडे झेड, जे, व्ही आणि डब्ल्यू. ही चार ज्यात एकत्र नांदतील असा शब्द काढायला इंग्रजी भाषेला आणखी हजार वर्षं लागतील. बाईंनी टेबलावर बोटं नाचवली, ती एकमेकांत अडकली. मास्तरांनी काकांच्या कॉलरकडे आशेनं बघितलं. काकांनी कॉलर घट्ट धरली.

इस्त्री चर्र झाली. दोन्ही कागद कोरे.

"शून्य शून्य," पिटू म्हणाली. "असं कधी झालं नव्हतं. आणि ई कुणाकडे आहे?"

पिटूनं पिशवी उलटी केली. सगळ्यांत आधी मी बाहेर पडलो, टेबलावर गोल गोल फिरलो आणि दोघांच्या बरोबर मधे येऊन आडवा झालो.

"हे तर वरच होतं," पिटू म्हणाली. "तुमच्यापैकी कुणाच्याच हाताला लागलं नाही?"

"मोजा घातला होता ना," मास्तर म्हणाले.

"मीही," बाई म्हणाल्या.

दोघं एकमेकांकडे बघायला लागली. आधी मास्तर हसले, मग बाई.

"तुला कधीपासून कळतं?" मास्तरांनी विचारलं.

"पहिल्यापासून. दर रविवारी पिशवीत हात घातला की पहिलं बटणच लागतं. माझं नशीब एवढं चांगलं असतं, तर मी कचेरीत टायपिस्ट राहिले असते का?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या मायेनं हरत होता. मधे कशाला बोलू?"

मास्तरांनी पडद्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "आणि पिवळे पडदे?"

"ते मला हवेच होते," बाई म्हणाल्या.

काकांनी चहाचा शेवटचा घोट घेतला आणि उगाच खिडकीबाहेर बघितलं. मला रडायला येत होतं, पण बटणाला त्याची सोय नसते. तीस वर्षं मी त्या माणसाला मनातल्या मनात बोल लावले होते. त्याला मी नकोसा नव्हतो. त्याच्याकडे देण्यासारखं मी एकच होतो आणि तो मला दर रविवारी तिला देत होता.

पिटू मात्र डॉक्टर. तिनं मला उचललं, मग मोजा उचलला, त्यात दोन बोटं घालून बघितली. लोकर अंगठ्याइतकी जाड. "बाबा, एवढ्या जाड मोज्यातून तुम्हाला हे बटण कळतं?"

"त्याची डाव्या बाजूची कड किंचित जास्त घासलीय," मास्तर म्हणाले. "आणि दोऱ्याला दोन गाठी आहेत. मीच मारल्या होत्या."

पिटूनं मोजा खाली ठेवला. मग तिनं कापायच्या टेबलावरचा एक पुठ्ठा घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'इथे फक्त बटणं लावून मिळतील.' डोळ्यांचं काम बंद, बोटांचं चालू. मशीनवर चादर पडली. बरोबरी झालेली असल्यामुळे नियमाप्रमाणे दुकान 'जैसे थे', फक्त सुईत दोरा ओवायला आता बाई शेजारी बसतात. गावात इतकी तुटकी बटणं असतील असं मला वाटलं नव्हतं. परवा हेडमास्तर स्वतः आले होते. बटण लावून घेतलं आणि निघताना दोनदा मागे हात लावून बघितलं.

आता माझं सध्याचं सांगतो आणि तुमची रजा घेतो. माझ्यावरचं नेलपॉलिश उडत चाललंय. ईच्या तीन आडव्या रेघांपैकी मधली जवळजवळ गेली आहे आणि अनोळखी माणूस मला सी समजेल. पिटू म्हणाली नवा संच आणू या, तर दोघं एकाच आवाजात नको म्हणाली. त्या घरात डाव न मांडता झालेला हा पहिलाच निर्णय.

पण माझी एक तक्रार आहे. दोघांना दोघांचं कळल्यापासून आता कुणीच मला घेत नाही. बाई मला मास्तरांसाठी ढकलतात, मास्तर मला बाईंसाठी ढकलतात, आणि दोघंही तळाला जाऊन क्यूला उठवतात. दर रविवारी शून्य शून्य. दर रविवारी जैसे थे. पडदे फाटले तरी पिवळेच आहेत, दार अर्धंच उघडतं, मांजरीला पिल्लं झाली आणि ती ठेवायची की द्यायची याचा निकाल लागेपर्यंत ती मोठी झाली. क्यू तर आता इतक्या वेळा बाहेर जाऊन आलाय, की तो आम्हाला जगाच्या गोष्टी सांगतो. अहो, कुणीतरी त्या दोघांना समजावा. एकदा तरी कुणीतरी मला घ्या आणि ते दार सरळ करा.

थांबा, मोजा आत आला. मास्तरांचा हात आहे, ओळखतो मी. टेकला अंगठा. कडेवरून फिरला, दोन गाठींपाशी आला. नाही, नाही घेतलं. ढकलतायत वर.

राहू दे. आता बाईंचा हात येईलच.